मुक्काम आधी बुक करायचे का वाटेत बघायचे? लातूरच्या एका कॅराव्हॅनचं तीन आठवड्यांचं प्रकरण

घर लातूरचं. नावं देत नाही, नात्यानंच सांगतो. मामा रिटायर्ड मास्तर, वय ६८. मामीचे गुडघे दुखतात. मुलगा पुण्यात नोकरीला, त्यानं साठवलेली सगळी सुट्टी एकदम काढलेली. सून, आणि ४ वर्षांची नात. गाडी म्हणजे सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर, आतली सीटं काढून लातूरच्याच एका फॅब्रिकेटरकडनं बर्थ, ओटा, १५० लिटरची पाण्याची टाकी, २० लिटरची कॅसेट (मैल्याची काढून ओतता येणारी टाकी) असलेलं पोर्टेबल संडास आणि टपावर सोलर बसवून घेतलेली. आरटीओची परवानगी, आरसीवर नोंद, इन्शुरन्समध्ये बदल हे सगळं आधी करून घेतलं होतं आणि हे ज्यांना करायचंय त्यांनी पहिल्यांदा करावं, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं परवानगीशिवाय गाडीत असा बदल करता येत नाही, आणि अपघात झाला तर क्लेम अडकतो तो इथंच.

मी देवदर्शनाच्या ट्रिपा काढतो त्यामुळं रूटचं काम माझ्याकडं आलं, आणि सोबत मीबी गेलो. रूट ठरवायला एक संध्याकाळ पुरली. लातूर, अंबाजोगाई, परळी, औंढा, नांदेड, माहूर, तिथून उलटं फिरून कळमनुरी, जालना, संभाजीनगर, अजिंठा, वेरूळ, पैठण, बीड, तुळजापूर, नळदुर्ग आणि येळवशीला (वेळ अमावस्या, शेतात पूजा मांडायचा आपल्याकडचा सण) औशाजवळच्या शेतात परत. म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध नवमीला निघायचं आणि अमावस्येला घरी. त्यात माहूरला दत्तजयंतीलाच जायचं ही मामाची अट, ती हलणार नव्हती, कुलदैवत तेच.

खरा वाद पेटला मुक्कामावरनं.

मुलाचं म्हणणं, सगळ्या रात्री आधी बुक करू. त्याचा एक मित्र अमेरिकेत टेक्सासला असतो, तो असल्या गाडीतनं तिथं लई फिरलेला. त्यानं सांगितलेलं की तिकडं नॅशनल पार्कातल्या कॅम्पसाइटा बऱ्याच ठिकाणी ६ महिने आधी ऑनलाइन उघडतात आणि योसेमिटीसारख्या जागी काही मिनिटांत संपतात, मग लोकं घड्याळ लावून बसतात. मामाचं म्हणणं नेमकं उलटं. "आरं, मराठवाड्यात माणसाला रातच्याला टेकायला जागा मिळंना असं कधी झालंय का? देवळं हायत, शाळा हायत, वळखीची माणसं हायत. आन् गाडी घेतली कशाला मग, बुकिंगच करायचं तर लॉजवर जाऊ की." दोघंही आपापल्या जागी बरोबर बोलत होते म्हणून वाद लांबला.

अमेरिकेचं उदाहरण इथं जसंच्या तसं लावता येत नाही. तिथं साइट म्हणजे नंबर घातलेली जागा, तिला पाण्याचा नळ, विजेचा पॉइंट, बऱ्याच ठिकाणी मैला सोडायचं कनेक्शन, आणि तुमची गाडी किती फूट लांब त्यावर ती मिळणार का नाही ते ठरतं. आणि त्याच देशात सरकारी मोकळ्या जमिनीवर, म्हणजे बीएलएम या तिथल्या केंद्रीय जमीन खात्याच्या जागांवर, बहुतेक ठिकाणी १४ दिवसांपर्यंत बुकिंग न करता फुकट थांबता येतं, फक्त तिथं नळ नाही, वीज नाही, काहीच नाही. म्हणजे तिथले जाणते लोकबी सगळं बुक करत नाहीत, गर्दीच्या पार्कातल्या रात्री पक्क्या करतात आणि मधल्या रात्री मोकळ्या जमिनीवर काढतात. मुलाला मी हा दुसरा भाग सांगितला तेव्हा तो थोडा नरमला.

आपल्याकडं राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण आज लातूरहून निघालेल्या माणसानं मराठवाड्यात जागोजागी असे तयार तळ मिळतील हे धरून चालू नये. म्हणून इथं "बुकिंग" म्हणजे नेमकं काय करायचं हेच आधी ठरवावं लागतं. खोली नको, खोली गाडीतच आहे. पाहिजे काय तर सपाट, उजेडाची, राखण असलेली जागा, पाणी, आणि कॅसेट रिकामी करायला परवानगी. एवढं देणारे म्हणजे देवस्थानांचे भक्त निवास, एमटीडीसीची रिसॉर्टं, मंगल कार्यालयं नाहीतर लॉन्स, मोठे पेट्रोल पंप, आणि नातेवाइकांची शेतं.

मी पहिल्यांदा टाक्यांचा हिशोब मांडला. माझ्यासकट सहा माणसं, स्वयंपाक, भांडी, तोंड धुणं एवढंच गाडीतल्या पाण्यावर आणि आंघोळ बाहेर असं धरलं तर १५० लिटर दोन दिवस जातं, ओढून ताणून अडीच. कॅसेट फक्त रात्रीला आणि लेकराला वापरली तर तिसऱ्या दिवशी भरते. म्हणजे तुम्ही कितीबी मोकळे फिरा, तिसऱ्या रात्री तुम्हाला नळ आणि संडास असलेली पक्की जागा लागणारच. ही गोष्ट लोकं विसरतात, त्यांना वाटतं स्वतःचं घर चाकावर आहे म्हणजे कुणाची गरज नाही. आणि कॅसेट भरली म्हणून रस्त्याकडंला, कुणाच्या बांधावर, ओढ्यात मैला ओतून पुढं जाणं हे मला अजिबात सहन होत नाही, ज्या गावात पिण्याचं पाणी त्याच ओढ्याकाठच्या विहिरीतनं येतं तिथं तर नाहीच नाही. म्हणून पहिला नियम झाला, दर तिसरी रात्र पक्की.

मग पंचांग काढलं. आपल्या भागात गर्दी बऱ्यापैकी तिथीनं येते, आणि गुगल मॅपवर ती दिसत नाही. बाहेरचा माणूस म्हणेल डिसेंबर म्हणजे नाताळची गर्दी, तेवढं टाळा. पण अंबाजोगाईला योगेश्वरीचं नवरात्र आश्विनात असतंच, शिवाय मार्गशीर्षातबी असतं, शुद्ध सप्तमीला बसतं आणि पौर्णिमेला संपतं, आणि ती कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी असल्यामुळं पुण्यामुंबईहून लोकं यायलेत त्या दिवसांत. आपण नवमीला तिथं पोचणार होतो, म्हणजे ऐन मधात. पौर्णिमेला माहूर. परळी आणि औंढ्याला सोमवार टाळायचा. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, रविवार टाळायचा. नाथषष्ठी फाल्गुनात म्हणून पैठण मोकळं. माळेगावची यात्रा मार्गशीर्षाच्या शेवटाला, तवर आपण नांदेड-लोहा भागातनं लांब गेलेलो. वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद, अजिंठ्याच्या सोमवारी बंद, ही दोन वारं उलटीपालटी झाली की पूर्ण दिवस पाण्यात. आणि सगळ्यात वर लग्नाच्या तारखा. मंगल कार्यालयाच्या मैदानात गाडी लावायचा विचार असेल तर कॅलेंडरवर मुहूर्त बघितल्याशिवाय फोनसुद्धा करू नये.

सूनबाई तोवर ऐकत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, मला सगळं बुक नको आणि काहीच नको असंबी नाही. मला रोज दुपारी दोनला कळलं पाहिजे की रात्री कुठं आहोत, आणि पाचला गाडी उभी पाहिजे. लेकरू आहे, आत्यांना (म्हणजे सासूबाईंना, मामींना) रात्री चार वेळा उठावं लागतं. अंधारात जागा हुडकत फिरणार नाही मी."

माझ्या मते सगळ्या चर्चेतलं कामाचं वाक्य हेच होतं. पाचचा आग्रह नुसत्या सोयीचा नाही. मार्गशीर्ष म्हणजे कारखान्यांचा गाळप हंगाम. लातूर, धाराशिव, बीड, परभणीचे रस्ते अंधार पडला की उसाच्या ट्रॅक्टरनं भरतात, मागं दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूला बाहेर आलेला, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं झाकलेला. समोरून गाडीचा लाइट डोळ्यावर आला की ती ट्रॉली दिसतच नाही, दिसते तेव्हा वीस फुटावर असते. आमच्या धंद्यातल्या लोकांनी यात माणसं गमावलेली आहेत. म्हणून मी कुणालाबी सांगतो, नोव्हेंबर ते मार्च इकडं दिवस मावळल्यावर मुक्काम हुडकायची पाळी येऊ देऊ नका, मग तुमची जागा बुक असो नसो.

तर ठरलं ते असं. साधारण एक तृतीयांश रात्री आधी पैसे देऊन पक्क्या, बाकीच्या मोकळ्या, पण मोकळ्या म्हणजे हवेत नाही. प्रत्येक मोकळ्या रात्रीसाठी दोन जागांचे फोन नंबर वहीत, सकाळी चहाच्या वेळेला पहिल्याला फोन, दुपारी दोनपर्यंत नक्की झालं नाही तर दुसऱ्याला, आणि तेबी नाही झालं तर पुढं जायचंच नाही, आहे त्याच गावात थांबायचं. पक्क्या रात्री कुठल्या? परळी, नांदेड, माहूरच्या दोन, फर्दापूर, वेरूळ आणि बीड. मामा म्हणाले "व्हय, एवढं चालतंय", पण तोंड जरा वाकडंच होतं.

प्रत्यक्षात काय झालं

अंबाजोगाईला मुक्काम केलाच नाही. फोन केला तेव्हाच कळलं की नवरात्रात खोल्या भरलेल्या आणि आवारात मोठी गाडी रात्रभर लावू देत नाहीत. म्हणून सकाळी लवकर निघून दर्शन दुपारपर्यंत आटपलं आणि मुक्काम परळीला, ती जेमतेम २५ किलोमीटर. गर्दीच्या गावात दिवसा जायचं आणि शेजारच्या गावात झोपायचं, ही साधी युक्ती आहे पण फार उपयोगी पडते.

परळीला एक खोली घेतली. हे जरा सविस्तर सांगतो कारण कॅराव्हॅनवाल्यांना हे पटत नाही. सगळ्यांना मिळून एकच खोली घ्यायची, तीबी साधी, आणि गाडी अंगणात लावायची परवानगी त्याच फोनवर मागायची. खोलीत झोपलं कोणीच नाही, मामी सोडून. पण गरम पाण्याच्या आंघोळी झाल्या, कॅसेट खोलीच्या संडासात रिकामी करून धुऊन घेतली, इन्व्हर्टरची बॅटरी रात्रभर चार्ज झाली, कपडे वाळत पडले. रखवालदाराला सांगून नळाला आपला पाइप जोडून टाकी भरली. पाइप मात्र स्वतःचा ठेवा, तीस फुटी, आणि सोबत दोन-तीन मापाचे कनेक्टर आणि क्लॅम्प, कारण एकाबी गावात नळाचं तोंड दुसऱ्या गावासारखं नसतं. परळीत नळाला आटेच नव्हते, गुळगुळीत जुना पितळी नळ, तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि क्लॅम्प लावून पाइप बसवला तेव्हा पाणी गळायचं थांबलं.

गाडी उभी करायची मामाची पद्धतबी सांगण्यासारखी आहे. ओट्यावर स्टीलचं ताट ठेवायचं, त्यात बोटभर पाणी, आणि पाणी कुठल्या काठाला जातंय ते बघून मुलाला सांगायचं, डावं मागचं चाक उचल, अजून थोडं. लाकडाच्या दोन फळ्या कायम गाडीत. उतारावर झोपलं की डोक्याकडं रक्त उतरतं आणि मामीला सकाळी चक्कर येते, म्हणून ताटातलं पाणी चारी बाजूनं सारखं झाल्याशिवाय कुणी अंथरूण घालायचं नाही.

औंढ्याला रविवारी गेलो. बुकिंग नव्हतं, चारला पोचलो, देवस्थानच्या बाजूला जागा मिळाली, सोमवारची गर्दी सुरू व्हायच्या आत सकाळी निघालो. मामाचं म्हणणं इथं शंभर टक्के खरं ठरलं. नांदेडलाबी अडचण नाही. हजूर साहिब गुरुद्वाऱ्याला जगभरातनं भाविक येतात आणि तिथली राहायची, लंगरची व्यवस्था एवढी मोठी आहे, आणि २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यानंतर शहरबी एवढं बदललंय, की यात्री निवासात जागा आधी सांगून ठेवली की निभावतं. दोन रात्री काढल्या, टाकी भरली, कॅसेट रिकामी, मामींना विश्रांती, कारण पुढं माहूर होतं.

माहूरसाठी मी दीड महिना आधी लागलो होतो. दत्तजयंतीला गावातले लॉज, धर्मशाळा विचारायच्याच नाहीत. गाडी गडावर न्यायचा विचार तर सोडूनच द्यायचा, यात्रेच्या दिवसांत घाटात खासगी गाड्या अडवतात आणि एसटीनं वर जावं लागतं हे आम्हाला आधीच माहीत होतं. म्हणून गाडी वाई बाजारच्या बाजूला एका मंगल कार्यालयात लावायची असं ठरवलं. मालकाला फोनवर चार गोष्टी विचारल्या: त्या दोन दिवसांत लग्न आहे का, फाटकाची उंची किती, आवारात खाली लोंबलेली वायर आहे का, आणि बोअरला पाणी आहे का. उंचीचा प्रश्न ऐकून मालकाला नवल वाटलं पण सोलर आणि टपावरचं कॅरियर धरून आमची गाडी साडेनऊ फुटाच्या वर जाते आणि लग्नाच्या कमानी त्याच्या खाली असतात. त्यानं टेप लावून मोजलं आणि सांगितलं. लगेच ॲडव्हान्स फोन पेवर टाकला आणि पैसे मिळाल्याचा मेसेज त्याच्याकडनं मागून घेतला. निघायच्या आधी एकदा, नांदेडहून सकाळी एकदा, असे अजून दोन फोन.

पोचलो तेव्हा फाटकाबाहेर नागपूर-यवतमाळकडच्या गाड्यांची रांग होती, सगळे जागा मागत होते, कुणी दुप्पट पैसे काढून दाखवत होतं. मालकानं आमच्यासाठी आंब्याखालचा कोपरा दोरी बांधून ठेवला होता. पौर्णिमेच्या पहाटे मामा, मुलगा आणि सून एसटीनं वर गेले, दत्तशिखर, अनसूया, रेणुका तिन्ही दर्शनं करून रात्री उशिरा परतले. मामी आणि नात दिवसभर गाडीत, सावलीत, संडास जवळ, मी सोबतीला. मामींनी नंतर रेणुकेचं दर्शन गर्दी ओसरल्यावर घेतलं. ही जागा नसती तर गुडघे दुखणारी बाई आणि लेकरू त्या गर्दीत कुठं बसलं असतं, हा विचार करूनच मी म्हणतो की ज्या एका रात्रीसाठी सगळी ट्रिप ठरली ती रात्र पैशानं बांधून घ्या, त्यावर घासाघीससुद्धा करू नका.

नुसत्या शब्दावरच्या बुकिंगचं काय होतं ते जालन्याच्या बाजूला कळलं. त्याआधी कळमनुरीला सूनबाईंच्या मावशीकडं एक रात्र ठरली होती, तिच्या दोन झाल्या. नातेवाइकाकडं जागा पक्की असते पण निघणं पक्कं नसतं, तिथं धपाटे बांधून देईपर्यंत दुपार होते, म्हणून पाहुण्यांच्या मुक्कामानंतरचा दिवस मी प्लॅनमध्ये मोकळाच ठेवला होता आणि तो बरोबर वापरात आला. तर जालन्याला रविवारी जायचं होतं. एका लॉन्सच्या मॅनेजरला आदल्या दिवशी फोन केलेला, तो म्हणाला "या की, जागाच जागा आहे". मुहूर्त आहे हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला आमच्याकडं त्या दिवशी काही नाही. साडेचारला गाडी फाटकात गेली तर आत वऱ्हाडाच्या गाड्या, डीजेच्या पेट्या उतरायलेत, मंडप उभा. ऐनवेळी दुसऱ्या कार्यालयातलं लग्न त्यांच्याकडं आलं होतं. मॅनेजर फोन उचलेना.

मामा चिडले, मुलगा म्हणाला बघा मी सांगत होतो. पण साडेचारच वाजले होते. वहीत दुसरा नंबर होता, बायपासवरच्या मोठ्या पेट्रोल पंपाचा. डिझेल भरलं, मॅनेजरला सगळी माणसं दाखवली, लेकरू दाखवलं, त्यानं ऑफिसच्या बाजूला कॅमेऱ्याखाली जागा दिली आणि बायकांना ऑफिसचं संडास उघडून दिलं. रात्रभर ट्रकची घरघर, मामींना झोप नाही. तरी सुरक्षित. तिथूनच काही जण समृद्धीवर चढून कडेला गाडी लावून झोपू म्हणतात, ते चुकूनबी करू नये, तो थांबायचा रस्ताच नाही, मागनं येणाऱ्या गाडीला उभी गाडी कळत नाही आणि अपघात तसेच होतात.

सोमवारी संभाजीनगर, मंगळवार-बुधवार अजिंठा, गुरुवारी वेरूळ, असं बंदीच्या वारांवरनं लावलेलं. अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत जातच नाही, फर्दापूरच्या टी पॉइंटला लावायची आणि तिथनं शटल बसनं ४ किलोमीटर. म्हणून फर्दापूरला एमटीडीसीची खोली ऑनलाइन घेतली आणि मग रिसॉर्टला वेगळा फोन करून गाडीची लांबी-उंची सांगितली, कारण ऑनलाइन पावतीवर फक्त खोली असते, गाडी कुठं लावू देणार ते तिथल्या माणसाच्या हातात. डिसेंबरात शाळांच्या सहली असतात, शनिवार-रविवार तर खोल्या मिळतच नाहीत, मधल्या वारीसुद्धा आधीच घेतलेली बरी. संभाजीनगर ते वेरूळ जाताना दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या दगडी वेशीतनं जातो, एकावेळी एकच मोठी गाडी, सुट्टीच्या दिवशी तासतासभर खोळंबा. आम्ही सातच्या आत वेस ओलांडली. संभाजीनगर शहरातबी दरवाजांचं तेच, मॅप बिनधास्त दरवाजातनं वाट दाखवतो, त्याला आपल्या गाडीची उंची माहीत नसते.

पैठणनंतर बीड, येरमाळा भराभर झालं. पैठणला नाथसागराच्या बाजूला सकाळच्या एका फोनवर जागा मिळाली. तुळजापूरला बुधवारी गेलो, बुकिंग नाही, दर्शन तासाभरात. हीच जागा मंगळवारी किंवा कोजागिरीला असती तर मी तिथं गाडी नेलीच नसती, कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी गाड्यांना बंद करतात. देवी तीच, गाव तेच, पण तिथी बदलली की बुकिंगचं उत्तर बदलतं.

येळवशीला लातूर भागात बुकिंगचा प्रश्नच नसतो, उलटाच प्रकार. गावं ओस, हॉटेलं बंद, टपरीवर चहासुद्धा मिळत नाही, सगळी माणसं शेतात. ज्याला हे माहीत नाही तो त्या दिवशी उपाशी फिरेल, आणि ज्यानं एखाद्या शेतात गाडी वळवली त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. नळदुर्गहून औशाकडं येताना तीन ठिकाणी लोकांनी हात करून थांबवलं. आपल्या शेतात पोचेपर्यंत नातीच्या पोटात दोन ठिकाणची आंबील आणि उंडे गेले होते, आणि कडब्याच्या कोपीपुढं पांडवांची पूजा मांडायला मामा थेट गाडीतनं उतरले.

हिशोबाचं म्हणाल तर

आधी पैसे दिलेल्यातली एक रात्र वाया गेली. कळमनुरीला एक दिवस वाढला आणि नंतर मामींनी पैठणला अजून एक दिवस मागितला, त्यामुळं बीडची खोली सोडावी लागली आणि तिचे पैसे परत मिळाले नाहीत. मुलानं ते मनाला लावून घेतलं, पण सगळ्याच रात्री बुक असत्या तर एक दिवस सरकल्यावर पुढच्या सगळ्या सरकल्या असत्या, आणि त्या भीतीनं मामींना पैठणला थांबू दिलंच नसतं कुणी. मला वाटतं म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघाल्यावर त्यांनी "अजून एक दिवस राहू" म्हटलं की राहता आलं पाहिजे. उलट बाजूनं, मोकळ्या रात्रींपैकी एकच फसली, जालन्याची, आणि ती निभावली ती वहीतल्या दुसऱ्या नंबरामुळं आणि साडेचार वाजल्यामुळं.

हाच रूट उन्हाळ्यात केला तर मी वेगळं सांगेन. एप्रिल-मेमध्ये गर्दी कमी पण पाणी नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या वर्षी कुणाच्या नळाला पाइप लावून दीडशे लिटर मागायचं तोंड झालं नसतं. तेव्हा दर तिसरी रात्र पुरत नाही, रोजची जागा पाणी विचारूनच धरावी लागेल आणि पाण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतील. लेकरं-म्हातारी माणसं बंद पत्र्याच्या गाडीत दुपारी ठेवता येत नाहीत, म्हणजे सावली आणि पंखाबी बघावा लागेल. श्रावणात तर परळी, औंढा, वेरूळ या तिन्ही ज्योतिर्लिंगांचे सोमवार आणि खुलताबादच्या भद्रा मारुतीचे शनिवार सोडून मधले वार धरायचे.

मामा पुढच्या दत्तजयंतीला परत माहूरला निघायचं म्हणतायत. वाई बाजारच्या मालकाला फोन करून झालाय, त्यानं सांगितलं तारीख लिहून ठेवली, ॲडव्हान्स दिवाळीनंतर टाका. मुलानं ते ऐकून लगेच अर्धे पैसे पाठवले, आणि मामा या वेळेला काही बोलले नाहीत.